पाणमुखांचं कुळ

पुणे,
१२ जानेवारी २०२५

ती. स्व. खंडूमामांना स्नेहलचा नमस्कार.

फोन केला असता, पण तुम्ही फोन कानाला लावून नुसतं "हां, हां, बरंय" म्हणता आणि ठेवल्यावर आईला विचारता, "काय म्हणाली गं पोरगी?" चाळीस वर्षं छिन्नी-हातोड्याच्या आवाजात कान गेले, त्याला तुम्ही तरी काय करणार! म्हणून कागद काढला. शिवाय मला तुमच्याकडून चित्रं हवी आहेत, आणि ती कागदावरच येतील.

नोकरी सांभाळून मी, अमित आणि शुभांगी असे तिघं मिळून एक खेळ तयार करतोय. हसू नका. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणाशी मारामारी करायची, भिंत चढायची, की फासा टाकायचा. जमलं की फसलं ते फासा सांगतो. पात्र माणूसच असलं पाहिजे असं नाही. बुटकं असतं, राक्षस असतो. परदेशी खेळांत एक गार्गॉइल नावाचा प्रकार असतो. जुन्या इमारतींच्या छपराखाली बसलेली दगडी भुतं. दिवसा दगड, अंधार पडला की जिवंत. सोबत चित्र जोडलंय.

मला ते जसंच्या तसं उचलायचं नाही. तुम्ही आयुष्यभर दगडाला तोंडं काढलीत. आपल्याकडे हे कोण असतं? ते काय करतं, कशाला घाबरतं, त्याचा दोष कोणता? पुस्तक पंचवीस मार्चला छापायला जायचंय. तुमच्याशिवाय हे पान होणार नाही.

आईकडे रविवारी जेवायला जाताना पथ्य सांभाळा. ती सांगत होती, तुम्ही लोणच्याची बरणी पुढ्यात घेऊन बसता.

तुमची,
स्नेहल

अंबड, नाशिक,
२० जानेवारी २०२५

चि. स्नेहल हिला खंडूमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तीनदा वाचलं, चौथ्यांदा कुसाबाईला वाचून दाखवलं. ती आमच्या गल्लीत भाजीची गाडी लावते, तुला माहीत आहे. चित्र बघून म्हणाली, "ह्या मेल्याची दाढ ठणकते का? एवढं तोंड का वासलंय?"

पण पोरी, बाईने खरी जागा धरली. त्याचं सगळं मर्म तोंडातच आहे. घसा बघ, आरपार कोरलेला दिसतोय. ही पन्हळ आहे गं. छपरावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकायला बसवलेली. पंख, नखं ही शिंप्याने लावलेली झालर समज. आपल्याकडे देवळाला, घाटाला, धर्मशाळेला हीच असतात. कुठे मगरीचं तोंड, कुठे गाईचं, कुठे सिंहासारखं काहीतरी. आम्ही कारागीर त्याला नुसतं मुख म्हणायचो. तू पाणमुख म्हण. आणि चित्राच्या कागदावर "वंश/जात" असं लिहिलंयस ना, त्यातली जात खोड. खेळात तरी नको. कुळ म्हण.

आता कामाचं ऐक. मी चौथीपर्यंत शिकलेला, पण ह्यातलं मला विचारून घे. मुख घडवताना आधी घसा कोरायचा, मग चेहरा. शिकाऊ कारागीर आधी डोळे काढायला बसतो, कारण डोळे काढले की लोक वा म्हणतात. पण घशाचा उतार चुकला की त्या डोळ्यांना कोण विचारतंय? घसा झाला की ते जमिनीवर तिरपं ठेवायचं आणि त्याला एक लोटा पाजायचा. एक थेंब आत राहता कामा नये. मगच कुंकू लावून वर चढवायचं. लोटा न पाजलेलं मुख माझ्या वडिलांनी कधी भिंतीला लावू दिलं नाही.

भिंतीचं पावसाशी वैर नसतं. साचलेल्या पाण्याशी असतं. मुखाचं काम एवढंच, स्वतःजवळ काही ठेवायचं नाही. मग ते लढतं कसं, ते तू ठरव. मला तर ते कुणाशी लढेल असं वाटत नाही. पण खेळ आहे म्हटल्यावर कुणाच्या तरी अंगावर पाणी उडवू दे बापडं.

पाच चित्रं पाठवतोय. तिसऱ्याचं नाक कुसाबाईने काढलंय, ते सोडून दे.

तुझा मामा,
खंडेराव

पुणे,
३ फेब्रुवारी २०२५

मामा,

तुमची चित्रं बघून शुभांगी अक्षरशः उडाली. अमितने पंख खोडले. आता पान तयार झालंय, ते उतरवून पाठवते. मित्रमंडळींना बसवून खेळून बघा आणि मोकळेपणी सांगा.

*पाणमुखांचं कुळ. बळ जास्त, चपळाई कमी. दगडी देह: घाव अर्धाच लागतो. मुखधार: दर पाळीला पाण्याची धार मारून शत्रूला मागे ढकलता येतं. मुखबंद: पाणमुखाने तोंड मिटून घेतलं तर पाणी आत साठतं. जास्तीत जास्त सहा पाळ्या. जितक्या पाळ्या थांबाल तितके फासे जास्त.*

*दोष: कच्चा सांधा. हे कुळ एका लबाड गवंड्याच्या हातून घडलं. त्याने मालात सिमेंट कमी आणि वाळू जास्त टाकली. म्हणून फाशावर एक पडला की पाणमुखाचा एक सांधा कायमचा निखळतो. सगळी पाणमुखं त्या गवंड्याला शोधत हिंडतात. शाप द्यायला की जाब विचारायला, ते खेळणाऱ्याने ठरवावं.*

हा गवंडी कोण ते तुम्हाला सांगायला नको. मामा, जांभूळटेकच्या धर्मशाळेची भिंत पडली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती सातपूरची शाळा आणि "भिंतवाल्याची पोरगी". वर्गात कुणाची वही सापडेना झाली की म्हणायचे, हिचा बाप सिमेंट चोरतो, हिलाच विचारा. बाबांनी पुन्हा गवंडीकाम केलं नाही. कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसले आणि तसेच गेले. अकरावीत असताना मी त्यांना एकदाच विचारलं होतं, "तुम्ही खरंच माल कमी टाकला होता?" ते म्हणाले, "आधी जेव." बस.

इतकी वर्षं मी ही गोष्ट लपवली. आता नाही लपवणार. पुस्तकाच्या पहिल्या पानावर अर्पणपत्रिका टाकतेय: "जांभूळटेकची भिंत बांधणारे माझे वडील संतोष यांना. तुमच्या हातून एक बाई गेली. तरी तुम्ही माझेच." आईला अजून दाखवलेली नाही. आधी तुम्हाला.

स्नेहल

अंबड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. स्नेहल हिला आशीर्वाद.

खेळून बघितला. कसा झाला ते सांगतो.

रविवारी दुपारी कुसाबाईच्या गाडीमागे सतरंजी टाकली. मी गोष्ट सांगणारा. कुसाबाई जादूगारीण झाली, कारण तिला मंत्र म्हणायचे होते. शेजारचा मनोज, सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जातो तो, पाणमुख झाला. तुझ्या पुस्तकाची कुणाला गरजच पडली नाही असे सगळे बोलत होते. कुसाबाईने पहिला प्रश्न केला, "ह्याचं लगीन होतं का?" मी म्हणालो, पुस्तकात नाही. "मग कुळ कसं वाढतं?" मनोज म्हणाला, "मावशी, टेंडर निघतं." हसून हसून मला ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

मग डाकू आले. मनोजने मुखबंद घेतलं. एक पाळी थांबला, दोन थांबला. कुसाबाई ओरडतेय, "अरे सोड की!" हा तोंड फुगवून बसलेला. चार, पाच. सहाव्या पाळीला सगळे फासे एकदम टाकले. तुझ्या नियमाप्रमाणे डाकू तर गेलेच, मागची सगळी भिंत गेली. कुसाबाईने टाळ्या वाजवल्या. मी फासे उचलले, खिशात घातले आणि म्हणालो, संपला खेळ. मनोज म्हणाला, "काका, हरलात म्हणून?"

पोरी, दोन गोष्टी पानातून काढ. पहिलं ते मुखबंद. दगडात पाणी राहत नाही, पाझरून जातं. कुठलंही मुख पाणी धरून ठेवत नाही, हे मी तुला आधीच लिहिलं होतं. तो नियम खोटा आहे. दुसरं, लबाड गवंडी. पोरांच्या खेळात हे कशाला? त्या जागी एखादा राक्षस घाल.

अर्पणपत्रिका चंदाला दाखवू नकोस. माझ्या बहिणीने पुष्कळ सोसलंय. अजून थोडी थांब.

तुझा मामा,
खंडेराव

पुणे,
२० फेब्रुवारी २०२५

मामा,

कुसाबाई आणि मनोजला माझा सलाम. "टेंडर निघतं" हे मी पुस्तकात घेतेय, त्यांना सांगा.

पण मुखबंद काढणार नाही. इथे तीन ठिकाणी खेळून बघितलं, सगळ्यांना तोच नियम सगळ्यात जास्त आवडला. धोका पत्करून थांबायचं, त्यातच मजा आहे. आणि दगडात पाणी राहत नाही म्हणता, तर गुरांना पाणी पाजायच्या दगडी डोण्या कशा असतात हो? तुमच्याच अंगणात एक आहे. कबुतरं पितात तिच्यात. तुम्ही मला लहानपणी कधी खोटं सांगितलं नाहीत, आता का सांगताय?

आणि गवंडी काढू, तर का काढू? तो होता. बाबांच्या बाजूने बोलण्यासारखं तुमच्याकडे काही असेल तर सांगा ना. त्या कामावर तुम्ही होतात. ती मुखं तुम्ही घडवलेली. आई म्हणते, "खंडूदादाला विचारू नको, त्याला त्रास होतो." त्रास मलाही होतो.

स्नेहल

अंबड,
१ मार्च २०२५

चि. स्नेहल,

छाती भरून आल्यामुळे चार दिवस पडून होतो. म्हणून उत्तराला उशीर. डॉक्टर म्हणतो, आत दगडाची भुकटी आहे, ती काही निघायची नाही.

भिंत पडली तेव्हा मी तिथे नव्हतो. नाशकात दुसऱ्या कामावर होतो. संतोष चांगला कारागीर होता, एवढंच लिही. अर्पणपत्रिकेत "माझ्या वडिलांना" एवढे दोन शब्द पुरे आहेत.

चंदाने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू केलेत. कुणी पुण्याला जाणारं मिळालं की पाठवते म्हणाली.

मामा

पुणे,
६ मार्च २०२५

मामा,

आधी औषध घ्या. मग पुढचं वाचा.

"चांगला कारागीर होता, एवढंच लिही." चांगल्या कारागिराची भिंत महिन्याभरात पडते का? तिच्याखाली बाई मेली, मामा. भागीबाई नाव होतं तिचं, ते मला आजीने सांगितलं. तिच्यासाठी तरी मला गोड गोड लिहायचं नाही. बाबा चोर होते तर मी तसं लिहीन आणि तरी त्यांची मुलगी म्हणवून घेईन. नव्हते, तर कुणीतरी मला सांगायला हवं होतं, ते जिवंत असताना.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तुम्ही कुठे होतात ते आहे, काय झालं ते नाही.

पंचवीसला पानं छापखान्यात जातात. तोपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर सगळं आहे तसं छापेन. राग मानू नका.

स्नेहल

अंबड,
१४ मार्च २०२५

चि. स्नेहल,

आशीर्वाद लिहायला घेतला होता, पण आधी पुढचं लिहितो. ते वाचून तुला तो हवा असला तर घे.

तुझ्या बापाने माल कमी टाकला नव्हता. ती भिंत माझ्यामुळे पडली.

सन शहाण्णव. पेठच्या बाजूला जांभूळटेकला देवीच्या देवळाशेजारी धर्मशाळा बांधायचं काम संतोषने घेतलं होतं. मुखं मी घडवायची. छपराचा उतार सगळा पूर्वेला, आणि त्या बाजूला एकच मोठं मुख. माझ्या हातचं तेवढं देखणं दुसरं झालं नाही. चैत्राची जत्रा तोंडावर आली, गावाने घाई लावली. कठडा, पूर्वेची भिंत, सगळं अजून ओलं होतं. वरचा स्लॅब नुकताच टाकलेला, म्हणून त्यावर मातीचे वाफे करून पाणी साठवून ठेवलं होतं. तसं ठेवावंच लागतं, नाहीतर स्लॅब तडकतो.

जत्रेच्या दिवशी त्या मुखाखाली बायका भंडाऱ्याच्या जेवणाला बसल्या. वाफ्यातलं गढूळ पाणी त्यातून टपटप करत पत्रावळीवर पडायला लागलं. एक म्हातारी म्हणाली, "मिस्तरी, तुमचा राक्षस आमच्या ताटात थुकतो." सगळ्या हसल्या. माझ्या देखण्या मुखाला हसल्या, ते मला लागलं. मी शिडी लावली, गोणपाट मातीत कालवलं आणि त्याचा बोळा मुखाच्या घशात ठासून बसवला. संतोष तेव्हा भट्टीपाशी वाढप्यांच्या गर्दीत होता. मनात म्हटलं, जेवणं झाली की काढीन.

जेवणं झाल्यावर पंचांनी मला मांडवात बोलावलं, शाल दिली, नारळ दिला. नाशकाला जाणारी जीप उभी होती. मी शाल खांद्यावर टाकून जीपमध्ये बसलो. बोळा तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. तास-दीड तास. वाफे फुटले, छपराची टाकी झाली. पाण्याला जायला वाट नाही. ते कठड्यातून भिंतीत उतरलं आणि ओली भिंत बाहेरच्या बाजूला बसली. भागीबाई डोक्यावर मोळी घेऊन आडोशाला उभी होती.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप मिळाला. मी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मुख ढिगाऱ्यावर आडवं पडलं होतं, नाक तुटलेलं, घशात बोळा जसाच्या तसा. सगळे पंचनाम्याच्या माणसांभोवती जमले होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी खाली बसलो, बोटांनी बोळा उकरून काढला आणि ओढ्यात टाकला. तेवढ्यात मागे पंच म्हणाले, "मालात वाळूच वाळू आहे." पाण्याने धुतलेला ओला माल वाळूसारखाच दिसणार. संतोष उभा होता. तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही.

आधी वाटलं, दोन दिवसांनी सांगू. मग त्याच्यावर खटला झाला, सुटका झाली, पण नाव गेलं ते गेलंच. मग त्याने थापी टाकून दिली. मग तू शाळेत जायला लागलीस. मग तो गेला. एकोणतीस वर्षं दर रविवारी मी चंदाच्या हातचं जेवतोय.

तुझा तो मुखबंदचा नियम खोटा नाही, पोरी. मनोजने सहा पाळ्या पाणी धरलं तेव्हा मला तो बोळा दिसला, म्हणून मी खेळ मोडला. डोण्यांचं तू बरोबर पकडलंस.

आता तुला जे छापायचं ते छाप. गवंड्याच्या जागी माझं नाव घाल. खंडेराव लिही, पूर्ण लिही.

मामा

पुणे,
५ एप्रिल २०२५

मामा,

तीन आठवडे मला लिहिता आलं नाही. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं.

पानं मी छापखान्यातून परत मागवली. अमित वैतागला, तारीख हुकली. अर्पणपत्रिका काढली. लबाड गवंडी काढला. दोषाची ओळ कोरी आहे. तिथे तुमचं नाव घालायचा मी एक दिवस विचार केला आणि मग मला माझीच लाज वाटली. दगडाच्या एका आख्ख्या कुळाला मी माझ्या घरातल्या माणसांचा हिशेब चुकता करायला जुंपलं होतं. आधी बाबांचा, आता तुमचा. त्यांना त्यांची गोष्ट हवी. ती सुचेपर्यंत पुस्तक थांबेल.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहिणार नाही. खरं नाही ते. मी बाबांना विचारलं तेव्हा ते "आधी जेव" म्हणाले, त्या ताटासमोर मी त्यांच्याकडे कशी बघत होते ते मला आठवतंय. ते मी कुणाकडून परत घेऊ?

आईला मी काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं. पत्राने नाही, तोंडाने, समोर बसून. मग मला लिहा. त्याआधी लिहू नका.

स्नेहल

अंबड,
१८ एप्रिल २०२५

चि. स्नेहल,

सांगितलं. म्हणून लिहितोय.

गेल्या रविवारी गेलो. चंदा ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सुरुवात केली. बहिऱ्याला हळू बोलता येत नाही गं. आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळतच नाही. माझं अर्धं झालं तोवर समोरच्या घरातली माणसं दारात आली होती, नळावरच्या बायका थांबल्या होत्या. चंदाने हाताने खूण केली की हळू. मग तिनेच ती खूण मागे घेतली. बोलू दिलं. संतोषच्या बायकोने गल्लीभर जे ऐकून घेतलं होतं, त्यातलं खरं आता गल्लीने ऐकलं.

संपल्यावर ती तोंड फिरवून काहीतरी बोलली. मला ओठ दिसले नाहीत. मी म्हणालो, "चंदा, ऐकू नाही आलं." ती उठली. आत गेली. मी तासभर बसलो. त्या रविवारी ताट आलं नाही, आणि मी मागितलंही नाही.

मग ती एक पिशवी घेऊन आली. आत नवं लुगडं आणि वर कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी तुझ्यासाठी उतरवतो: "हे दर वर्षी जत्रेनंतर तिसऱ्या दिवशी जांभूळटेकला जायचे. भागीबाईच्या लेकीला, आशाला लुगडं न्यायचे, माहेरचं म्हणून. हे गेल्यापासून मी पाठवते. ह्या वर्षी तू ने."

मला ह्यातलं काही माहीत नव्हतं, स्नेहल. तुलाही नसावं.

मंगळवारी एसटीने पेठपर्यंत गेलो, पुढे जीप. धर्मशाळा नाही तिथे आता, पत्र्याची शेड आहे. आशा पंचेचाळिशीची असेल. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. तिने पिशवी ओळखली, मला नाही. घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी पाणी बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "आधी ऐकून घे, मग द्यायचं तर दे." सगळं सांगितलं. बोळा, शाल, जीप, ओढा. तिचा नवरा किशोर उठून उभा राहिला. तिने हात धरून त्याला बसवलं.

मग तिने सांगितलं. मला ऐकू येत नाही हे ध्यानात आल्यावर कानाशी येऊन, मोठ्याने. संतोष पहिल्या वर्षी आला तेव्हा तिचा बाप बारकू कोयता घेऊन धावला होता. संतोष पळाला नाही. बांधावर दिवसभर उन्हात बसून राहिला आणि लुगडं बांधावर ठेवून गेला. दुसऱ्या वर्षी परत आला. तिसऱ्या वर्षी बारकूने त्याला भाकर दिली. आशाच्या लग्नात मामाच्या जागी तोच उभा होता. माल चांगला होता असं तो कधी म्हणाला नाही, वाईट होता असंही नाही. एवढंच म्हणायचा, "माझ्या भिंतीखाली गेली."

आणि मग तिने मला विचारलं, "बोळा तुमचा, तं मंग संतूबाबा पंधरा वर्सं कशाला येत व्हता?"

भिंत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी संतोष पहाटेच तिथे पोचला होता. मी दुपारी. मुख ढिगाऱ्याच्या वरच पडलेलं होतं, कुणालाही दिसेल असं. मुखाच्या घशात बोळा आहे, हे ज्याने आयुष्यभर भिंती बांधल्या त्याने बघितलं नसेल? बघितलं असेल, तर बायकोच्या भावाला वाचवायला तो गप्प बसला, आणि माझ्याच ताटाला ताट लावून जेवत राहिला. नसेल बघितलं, तर काही चुकलेलं नसताना, नुसती भिंत आपली म्हणून तो उन्हात बसला. दोन्हींतलं कुठलंही खरं असो, पोरी, मला मान वर करायला जागा नाही.

आशा उत्तराची वाट बघत उभी होती. ऐकू आलं नाही असं करता आलं असतं, माझं ते सोंग कुणी ओळखत नाही. मी म्हणालो, "मला माहीत नाही."

तिने लुगडं घेतलं नाही. पिशवी माझ्या हातात परत दिली आणि म्हणाली, "पुढल्या वर्सी या. तवा घ्यायचं का नाय ते बघू."

परत आलेली पिशवी मी चंदाला दाखवली. तिने लुगडं घडी मोडून बघितलं, पुन्हा नीट घडी केली आणि कपाटात ठेवलं. जेवायला थांब असं म्हणाली नाही. पण लुगडं ठेवलं ते मला दिसेल अशा जागी.

मी सत्तरीचा, छाती ही अशी. डॉक्टरकडे जाऊन आलो, आता औषधाची एकही पाळी चुकवत नाही. पुढल्या चैत्रापर्यंत मला टिकायचंय.

मामा